वाचकाकडे वळून पाहणारे सुपरहिरो : पार्श्वभूमी

आपण कथेतील पात्र आहोत हे ठाऊक असलेला सुपरहिरो म्हटले की जळगाव-धुळ्याकडचा तरुण वाचक प्रथम डेडपूलचे नाव घेतो, कारण चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्यांनी तो घरोघरी पोहोचवला. या प्रकाराची खरी जडणघडण मात्र १९८८ ते १९९० या काळात, दोन मासिक मालिकांतून झाली आणि मारलेल्या पात्रांना लेखकाने पुन्हा जिवंत करणे ही पळवाट की प्रामाणिकपणा, या वादाचे मूळही तेथेच आहे.

त्याआधीचे प्रयोग बहुतांशी गमतीपुरते होते. १९६३ मध्ये ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या दहाव्या अंकात मालिकेचे लेखक-चित्रकारच पात्रे म्हणून आले; १९६८ मध्ये फ्लॅश हा सुपरहिरो वाचकांच्या पृथ्वीवर येऊन पडला आणि परतण्यासाठी त्याला स्वतःच्याच कॉमिकच्या संपादकाची मदत घ्यावी लागली. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेन्सेशनल शी-हल्क’ने यातील संकोच काढून टाकला. पहिल्याच मुखपृष्ठावर नायिका वाचकाला बजावते की, या वेळी माझा अंक घेतला नाहीत तर घरी येऊन तुमचे ‘एक्स-मेन’चे अंक फाडून टाकीन. सारंगखेड्याच्या यात्रेत वग पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल; सोंगाड्या राजाशी बोलता बोलता प्रेक्षकांकडे वळतो, तेव्हा त्याला कोणी कारण विचारत नाही.

१९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमल मॅन’ या दुसऱ्या मालिकेने तेच कारण विचारले. पाचव्या अंकात निर्मात्याविरुद्ध उभा राहिलेला एक कार्टूनमधील कोल्हा हाडामांसाचा होऊन पुनःपुन्हा मरतो, आणि शेवटच्या पानावर चित्रकाराचा अवाढव्य कुंचला त्याच्या पांढऱ्या रक्तात लाल रंग भरताना दिसतो. एकोणिसाव्या अंकात नायक मागे वळून वाचकाला म्हणतो, ‘तुम्ही मला दिसता!’ विसाव्यात तो घरी परततो, तेव्हा बायको आणि दोन्ही मुले मारली गेलेली असतात.

वाद आहे तो ऑगस्ट १९९० च्या सव्विसाव्या अंकाबद्दल. नायक या मालिकेच्याच लेखकाच्या घरी पोहोचतो आणि माझ्या माणसांना का मारलेस, असे विचारतो. कथेत नाट्य यावे म्हणून, असे उत्तर मिळते. त्यांना परत आण, अशी विनवणी केल्यावर, ते वास्तवाला धरून होणार नाही, असे लेखक सांगतो. आपल्या मेलेल्या मांजरीविषयीही तो त्याच ओघात बोलतो. तिला परत आणणे त्याच्या हातात नाही. तरीही लेखक कथा बदलतो : अंकाच्या शेवटी नायक आपल्या घराच्या दारात उभा असतो आणि आत सगळे जिवंत असतात. ही पळवाट आहे, नायकाने भोगलेले दुःख यामुळे कवडीमोल ठरले, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. हा आक्षेप हलका नाही, परंतु त्या काळी सुपरहिरो कॉमिक्समध्ये रक्तपात म्हणजेच प्रौढपणा अशी समजूत बळावली होती, हे तो लक्षात घेत नाही. ज्या हाताने मारले त्याच हाताने उघडपणे जिवंत करणे, आणि हे करणारा मीच आहे असे पानावर येऊन सांगणे, हा त्या समजुतीला दिलेला सर्वांत प्रामाणिक नकार होता. पुढे नव्या मालिकेत, २०१३ मध्ये, त्याच नायकाच्या मुलाला पुन्हा मरण आले.

डेडपूल १९९१ मध्ये अवतरला तो साधा भाडोत्री मारेकरी म्हणून. १९९७ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या ओघात, आपली शेवटची भेट कधी झाली, या प्रतिस्पर्ध्याच्या प्रश्नाला त्याने ‘सोळाव्या अंकात’ असे उत्तर दिले. त्याच्या या जाणिवेला वेडाचे कारण जोडले गेले, त्यामुळे लेखकाला जाब विचारण्याची धार बोथट झाली. २०१६ पासूनच्या चित्रपटांनी हीच रीत लोकप्रिय केली. शी-हल्कवरील २०२२ च्या दूरचित्रवाणी मालिकेने मात्र जुना धागा पुन्हा उचलला : अखेरच्या भागात नायिका पडद्यावरील मेन्यूतून बाहेर पडून लेखकांच्या खोलीत शिरते, कथा ठरवणाऱ्या यंत्रापुढे वकिलासारखा युक्तिवाद करते आणि शेवट बदलून घेते.