जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता पुढे?

टाके सुकले की घरचे विचारतात, "गाठ तर काढली, मग पुन्हा केमो कशाला?" आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून हे पत्रक.

जठराचा कॅन्सर परत येतो तेव्हा बऱ्याचदा तो पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर येतो. गाठ जठराच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचली असेल, तर तिथून सुटलेल्या पेशी पोटात आधीच पडलेल्या असू शकतात. झोडणीत खळ्याबाहेर उडालेले भाताचे दाणे गवतात दिसत नाहीत, तशा त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणून ऑपरेशनआधी अनेकदा दुर्बिणीतून पोट बघतात आणि आत सलाईन फिरवून ते पाणी तपासायला पाठवतात. हा रिपोर्ट फाइलमध्ये असेल तर मागे टाकू नका.

या पेशींवर आज सगळ्यात भक्कम इलाज म्हणजे ठरलेली केमो पुरी करणं. 'फ्लॉट' या चार औषधांच्या केमोत ऑपरेशनआधी चार आणि नंतर चार डोस असतात, दर दोन आठवड्यांनी एक. जर्मनीतल्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या केमोवर निम्मे रुग्ण सुमारे ३५ महिन्यांहून जास्त जगले होते, फ्लॉटवर सुमारे ५० महिन्यांहून जास्त. पण आठही डोस पुरे झाले ते निम्म्याहून कमी लोकांचे. अडतं ते ऑपरेशननंतरच्या चारांत. वजन उतरतं, जेवण जात नाही, त्यात मुंबईची खेप.

म्हणून आधी जेवणाकडे बघा. नुसत्या पेजेवर माणूस उभा राहत नाही. पेजेनं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. मऊ भाताबरोबर काटे काढलेली सुरमई, उकडलेलं अंडं, मुगाची आटवलेली डाळ, असं दिवसातून सहा-सात वेळा, वाटीभरच. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासानं घोट घोट प्यावं. गोड एकदम खाल्लं की घाम सुटतो, छाती धडधडते; तेव्हा उकडीचा मोदक एका बैठकीला अर्धा पुरे. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर. आमची नर्स घरी येऊन देते, चिठ्ठी मात्र डॉक्टरांचीच लागेल.

फ्लॉटमधल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे गार वस्तू सोसत नाही. डोसनंतर चार-पाच दिवस फ्रिजमधली सोलकढी नको, बर्फातली मासळी हाताळणं नको; बोटांत मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका.

डोस गणपतीत आला तर तारीख आपल्या मनानं ढकलू नका. डॉक्टरांना महिनाभर आधी सांगा, तिकिटाचंही तेव्हाच बघा. हॉस्पिटलच्या दाखल्यावर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला पाऊणपट. फॉर्म भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे नाहीत.

'गरम केमो'बद्दलही विचारणा होते. तिलाच हायपेक म्हणतात; त्यात ४१ ते ४३ अंश सेल्सिअसचं केमोचं औषध ऑपरेशनच्या वेळीच पोटात फिरवतात. आजार परत येऊ नये म्हणून ती सरसकट सगळ्यांना करावी, असं अजून ठरलेलं नाही. दहा लिटर सलाईननं पोट धुण्याचीही मोठी चाचणी झाली, फायदा दिसला नाही. आणि हनुमानफळाचा पाला, गोमूत्र अर्क? आम्ही विकत नाही. घरात कुणी असलं काही देत असेल, तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

आजार परतण्याचा धोका पहिली दोन-तीन वर्षं जास्त. तपासणीच्या तारखा पाळाच. पण त्याआधीच लेंगा कमरेला आवळू लागला आणि हातपाय मात्र वाळत चालले, दोन घासांत पोट भरलं, उलट्या होऊ लागल्या, संडास आणि वारा दोन्ही अडले, तर आमच्याकडे गॅसची गोळी मागू नका. आम्ही ती देणार नाही, हॉस्पिटलला फोन लावून देऊ.