मंडळीच्या नावाने बोलायचं कोणी? अमेरिकेतल्या सिनेगॉगांच्या सामाजिक कामामागचा इतिहास

२०२२ च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या एका ज्यू मंडळीने, म्हणजे एका सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) सभासदांच्या संस्थेने, राज्य सरकारवर दावा लावला. पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी आणणारा कायदा आमच्या धर्मपालनाच्या आड येतो, बाईच्या जिवावर बेतलं असेल तर आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे गर्भपात करावाच लागतो, असं त्यांचं म्हणणं. या दाव्यात वादी म्हणून नाव लागलं ते सिनेगॉगचं.

मला त्या दाव्यातल्या कायदेशीर मुद्द्यांपेक्षा वादीचा हा रकाना जास्त बोलका वाटतो. तोरातली, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातली, न्यायाची आज्ञा हजारो वर्षांची आहे. पण अख्ख्या मंडळीने मंडळी म्हणूनच एखाद्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात उभं राहायचं, ही रीत फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची. ती ठरली भांडून, मतं मोजून आणि वर्गणीदार गमावून.

मुळातली वचनं बहुतेकांना माहीत असतात: शेत कापताना कोपरे गरिबांसाठी सोड, परक्याला छळू नकोस कारण मिसरात (इजिप्तमध्ये) तूही परका होतास, न्यायाचाच पाठलाग कर. त्यातलं एकच इथे जवळून पाहण्यासारखं आहे. योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, सकाळी, रात्रभराच्या उपासाने पोट खपाटीला गेलेलं असताना, सिनेगॉगमध्ये यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. मला असला उपास नको, भुकेल्याला तुझी भाकर वाटून दे, बेघराला घरात घे, असं संदेष्टा उपाशी लोकांनाच सुनावतो. अमेरिकेतल्या कितीतरी सिनेगॉगांत रोश हशानाच्या (ज्यू नववर्षाच्या) दिवशी लोकांच्या हाती रिकाम्या कागदी पिशव्या देतात आणि दहाव्या दिवशी योम किप्पुरला त्या डबाबंद कडधान्यं, शेवया, तांदूळ भरून परत येतात. पिशव्यांची रांग दाराशी लागलेली आणि आत तो अध्याय चाललेला. इथवर कोणाचाच वाद नाही. पिशवी भरून द्यायला विश्वस्त मंडळाचा ठराव लागत नाही.

‘तिक्कुन ओलाम’, म्हणजे जगाची दुरुस्ती, हा शब्द आज प्रत्येक फलकावर दिसतो, पण या इतिहासात त्याचा उपयोग थोडा. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहामध्ये तो घटस्फोटाच्या आणि कर्जाच्या नियमांसंदर्भात येतो. सामाजिक न्याय या अर्थाने तो रुळला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे काम सुरू होऊन बराच काळ लोटल्यावर.

दान आणि भूमिका यांतला फरक आपल्याला पुण्यातच पाहता येतो. पुणे स्टेशनजवळचं मोठं सरकारी रुग्णालय ज्या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं, त्याचं दान एका माणसाचं, त्याच्या घराण्याचं होतं. तिथून जवळच्याच, ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगमधल्या मंडळीला त्यासाठी बसून काही ठरवायची गरज नव्हती. अमेरिकेत घडलं ते वेगळं.

तिथल्या सुधारणावादी, म्हणजे ज्यू धर्मातल्या उदारमतवादी पंथाच्या, रब्बींनी (धर्मगुरूंनी) १८८५ मध्ये पिट्सबर्गला जमून एक जाहीरनामा केला. त्याच्या आठव्या आणि शेवटच्या कलमात समाजव्यवस्थेतल्या गरीब-श्रीमंत विषमतेचा प्रश्न न्यायाच्या पायावर सोडवायला हातभार लावणं हे कर्तव्य मानलं गेलं. कलम छान होतं, पण पुढची कित्येक वर्षं त्याने कोणाची झोप उडवली नाही. १९१८ मध्ये रब्बींच्या परिषदेने त्याला ठोस रूप दिलं: आठ तासांचा कामाचा दिवस, किमान वेतन, आठवड्यातून एक सुट्टी, बालमजुरीला बंदी. मधल्या काळात, १९११ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका शिलाई कारखान्याला आग लागून १४६ जण दगावले होते. त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित पोरी होत्या. कारखान्याचे मालकही ज्यूच. मग प्रवचन कोणाच्या बाजूने करायचं?

प्रवचनाचा प्रश्न त्याआधीच पेटला होता. न्यूयॉर्कच्या सगळ्यांत प्रतिष्ठित सिनेगॉगने १९०५ मध्ये एका तरुण रब्बीला बोलावलं. व्यासपीठावरून काय बोलावं यावर विश्वस्तांचं नियंत्रण राहील, असं कळताच त्याने नकार दिला आणि १९०७ मध्ये आपलं वेगळं, ‘मुक्त’ सिनेगॉग काढलं. १९१९ च्या पोलाद संपात त्याने मजुरांची बाजू घेतली, तेव्हा नव्या इमारतीसाठी पैसे कबूल केलेल्या काहींनी हात आखडता घेतला. तोपर्यंत प्रश्न रब्बीच्या तोंडाचा होता. मंडळीच्या तोंडाचा प्रश्न आला पन्नाशीच्या दशकात, आणि माझ्या मते खरी पार्श्वभूमी तिथेच आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा वंशभेदाविरुद्ध बोलणं जिवावरचं होतं. १९५८ च्या एप्रिलमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या एका सिनेगॉगजवळ ५४ डायनामाइटच्या कांड्या सापडल्या. वात विझली म्हणून इमारत वाचली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, रविवारी पहाटे, अटलांटातलं सुधारणावादी सिनेगॉग बॉम्बने फोडलं. तिथला रब्बी दशकभर समान हक्कांवर प्रवचनं करत होता. काही तासांनी त्याच इमारतीत मुलांची रविवारची शाळा भरायची होती. आरोपपत्र पाच जणांवर ठेवलं गेलं, शिक्षा एकालाही झाली नाही.

अशा वातावरणात १९५९ मध्ये सुधारणावादी मंडळ्यांच्या राष्ट्रीय संघापुढे एक प्रस्ताव आला. चामड्याच्या धंद्यात पैसा केलेल्या बोस्टनच्या एका दात्याने, जो काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सगळ्यांत जुन्या संघटनेतही आघाडीवर होता, वॉशिंग्टनमध्ये इमारत घेण्यासाठी एक लाख डॉलर देऊ केले. राजधानीत संघाचं कायमचं कार्यालय असावं आणि तिथून खासदारांशी बोलणं व्हावं, अशी कल्पना. पैसा तयार, जागा मिळण्यासारखी. आणि संघ दुभंगायला आला.

विरोध करणाऱ्यांत न्यूयॉर्कचं तेच प्रतिष्ठित सिनेगॉग होतं, खुद्द वॉशिंग्टनची मोठी मंडळी होती आणि दक्षिणेतल्या बऱ्याच मंडळ्या होत्या. त्यांना प्रतिगामी म्हणून मोकळं होण्याची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. सभासद वर्गणी भरतो ती प्रार्थनेसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आणि आईबापांच्या दफनासाठी. त्याच्या नावाने कोणी संसदेत जाऊन ‘ज्यूंचं मत असं आहे’ म्हणायचं, तर त्याला विचारलं कोणी? ज्यूंमध्ये पोप नाही, मग वॉशिंग्टनमध्ये एक कशाला बसवता? आणि न्यूयॉर्क-बोस्टनने ठराव करायचे, फटका मात्र अलाबामातल्या पन्नास घरांच्या मंडळीने सोसायचा. ५४ कांड्या ज्यांच्या भागात निघाल्या त्यांचा हा शेवटचा मुद्दा भेकडपणाचा म्हणणं सोपं आहे, विशेषतः आपण तिथे राहत नसू तेव्हा.

समर्थकांचं म्हणणं होतं की क्वेकरांपासून अनेक ख्रिस्ती पंथांची कार्यालयं वॉशिंग्टनमध्ये आहेतच, आणि आपले संदेष्टे तर थेट राजाच्या दरबारात जाऊन बोलत. मंडळी गप्प बसली तर तिने काहीच केलं नाही असं होत नाही, चालू व्यवस्थेला तिची मूक संमती धरली जाते.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या अधिवेशनात लांबलचक चर्चेनंतर प्रतिनिधींनी कार्यालयाच्या बाजूने कौल दिला. पण एक कुंपण घातलं गेलं: प्रतिनिधींच्या अधिवेशनात संमत झालेल्या ठरावांच्या चौकटीतच बोलायचं, आणि ते ठराव कोणत्याही एका मंडळीवर बंधनकारक नाहीत. विरोधक हरले असं इतिहासात लिहिलं जातं, पण हे कुंपण त्यांच्यामुळे पडलं. आजही त्या कार्यालयाच्या पत्रकांत अमुक सालच्या ठरावानुसार आमची ही भूमिका, असं येतं, त्याचं मूळ या भांडणात आहे.

मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवरची ती इमारत १९६२ मध्ये सुरू झाली. नागरी हक्क चळवळीच्या संयुक्त आघाडीला तिथे जागा मिळाली आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्या मसुद्यांचं बरंचसं काम तिथल्या बैठकीच्या टेबलावर झालं.

१९६४ चा जून महिना या इतिहासात सगळ्यांत जास्त सांगितला जातो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेला ओ देऊन सोळा रब्बी आणि संघाचा एक पदाधिकारी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनला गेले आणि १८ जूनला एका मोटेलच्या आवारात प्रार्थना करताना, किंवा काळ्या-गोऱ्यांनी एकत्र जेवायला बसताना, पकडले गेले. त्याच दिवशी त्या मोटेलच्या व्यवस्थापकाने पोहण्याच्या तलावात आम्ल ओतलं, कारण काळे-गोरे एकत्र पाण्यात उतरले होते. रब्बींनी रात्री कोठडीत, बाहेरच्या एका दिव्याच्या उजेडात, कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेबद्दलच्या चक्रमुद्रित कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर ‘आम्ही का आलो’ याचं पत्र लिहिलं. शेजाऱ्याचं रक्त सांडत असताना स्वस्थ उभा राहू नकोस, ही लेवीय ग्रंथातली आज्ञा त्यात होती. दुसऱ्या दिवशी सिनेटने नागरी हक्क विधेयक मंजूर केलं.

याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. वर्षभरापूर्वी, मे १९६३ मध्ये, एकोणीस रब्बी उत्तरेतून बर्मिंगहॅमला गेले, तेव्हा स्थानिक ज्यू पुढाऱ्यांनी त्यांना परत जाण्याची गळ घातली होती. तुम्ही विमानाने जाल, आम्हाला इथेच राहायचंय, असा त्याचा रोख.

भांडण संपलं नव्हतंच. १९६७ मध्ये संघाच्या अध्यक्षांनी व्हिएतनाम युद्धावरून राष्ट्राध्यक्षांना कडक शब्दांत सुनावलं आणि न्यूयॉर्कचं ते सिनेगॉग काही काळ संघातून बाहेर पडलं. युद्धाबद्दल ते सिनेगॉग बरोबर होतं की संघाचे अध्यक्ष, हे काळाने ठरवलं. आमच्या नावाने बोलायचं कोणी, हा त्या सिनेगॉगचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

ऐंशीच्या दशकात प्रश्नाला वेगळं वळण लागलं. एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातून पळून आलेल्या निर्वासितांना आसरा देणं बेकायदा ठरत होतं, आणि काही सिनेगॉगांनी तो दिला. त्याच सुमारास, १९८५ मध्ये, लग्न आणि बार मित्झ्वा (मुलगा वयात आल्याचा धार्मिक सोहळा) यांच्या खर्चातले तीन टक्के भुकेविरुद्धच्या कामाला द्यावेत, असा एक निधी निघाला. हे सगळ्यांना मानवलं. शेताच्या कोपऱ्याचा हिशेब केटररच्या बिलात बसला.

२००० नंतर काही मंडळ्यांनी ठरावाआधी घरगुती बैठका घ्यायला सुरुवात केली. दहा-बारा जण दिवाणखान्यात बसून, झोप कशाने उडते ते सांगणार. बोस्टनच्या एका मोठ्या सिनेगॉगमध्ये यातून आजारपणाच्या खर्चाचा आणि विम्याचा विषय वर आला. चर्च आणि मशिदींबरोबर सह्यांची मोहीम झाली आणि २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा आरोग्यविमा कायदा झाला. १९६१ च्या विरोधकांचा ‘आम्हाला विचारलं कोणी’ हा आक्षेप इथे पहिल्यांदा नीट ऐकला गेला, असं मी म्हणेन.

मग २७ ऑक्टोबर २०१८. पिट्सबर्गच्या एका इमारतीत शब्बाथच्या (शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या) सकाळी तीन मंडळ्या जमत होत्या. बंदूकधाऱ्याने अकरा जणांना मारलं. त्याआधी त्याने इंटरनेटवर निर्वासितांना मदत करणाऱ्या ज्यू संस्थेवर राग काढला होता, आणि तिथली एक मंडळी त्या संस्थेच्या निर्वासित शब्बाथमध्ये सहभागी झाली होती. त्यानंतर सिनेगॉगांच्या दाराशी पहारा आणखी कडक झाला, निर्वासितांची कामं सुरू राहिली, आणि विश्वस्तांच्या बैठकीत सुरक्षेचा खर्च व सामाजिक कामाचा खर्च एकाच अंदाजपत्रकात शेजारी शेजारी आले.

ऑक्टोबर २०२३ मधला हमासचा इस्राएलवरचा हल्ला आणि गाझातलं युद्ध यांनंतरचा ताण वेगळ्या जातीचा आहे. ज्या आघाड्यांमध्ये चाळीस-चाळीस वर्षं काम केलं, त्यांच्या मोर्च्यात आता चालायचं का, यावर एकाच बाकावर बसणाऱ्यांचं पटत नाही. काही मंडळ्यांनी जुन्या आघाड्या सोडल्या, काही टिकून राहिल्या, आणि काहींनी पत्रकं काढणंच थांबवून पिशव्या, निवारा आणि शिकवण्या एवढ्यावर काम आणलं. वॉशिंग्टनचं कार्यालय अजूनही ठरावांच्या चौकटीत बोलतं. मंडळीने काय म्हणायचं, हे मंडळीचे विश्वस्त ठरवतात, बहुतेक वेळा रात्री साडेदहानंतर, विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय म्हणून.