हिमसाखळ्या, ट्रॅक्टरच्या

बर्फाळ जमिनीवर चाक जागच्या जागी गरगरू नये म्हणून ट्रॅक्टरच्या रबरी टायरांवर चढवायच्या पोलादी साखळ्या. उत्तर अमेरिकेत घरे, तबेले व लहान शेते यांच्या पोचरस्त्यांवरील बर्फ लोटण्यासाठी साधारण २० ते ५० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर वापरतात. या नोंदीत मुख्यतः अशा ट्रॅक्टरांवर साखळ्या चढवण्याच्या तंत्राचा विचार केला आहे. महाराष्ट्रात द्राक्षबागांमधून फवारणीसाठी फिरणारा ‘मिनी ट्रॅक्टर’ साधारण याच अंगकाठीचा असतो.

कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणगुणांक (पकड किती हे दाखवणारा आकडा) ०.७ च्या आसपास असतो. चेपून घट्ट झालेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत, तर गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर ०.१ च्या जवळपास उतरतो. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आगेमागे असेल तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर राहतो व तोच सर्वांत घातक ठरतो; कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्या मानाने कमी निसरडा असतो. साखळी रबराचे घर्षण वाढवत नाही. तिच्या कड्या चाकावरील भाराने बर्फात रुततात आणि त्या खाचेच्या आधाराने चाक पुढे रेटले जाते. चाकावर पुरेसा भार नसेल तर उत्तम साखळीही बर्फ नुसता ओरखडते.

उगम : साखळीच्या शोधाचे श्रेय सामान्यतः न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा या गावचे हॅरी वीड यांना दिले जाते. त्यांना २३ ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेचे ७,६८,४९५ क्रमांकाचे पेटंट मिळाले. चिखलात व बर्फात अडकू नये म्हणून मोटारवाले टायरांना दोर किंवा वेली गुंडाळत, ते पाहून वीड यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ही कथा बहुतेक ठिकाणी जवळपास त्याच शब्दांत येते, त्यामुळे ती सावधपणे घ्यावी. गाव मात्र या शोधाला साजेसे आहे. जवळच्या सिरॅक्यूज शहरात सरोवरावरून येणाऱ्या बाष्पामुळे वर्षाला सरासरी ३ मीटरच्या आसपास हिम पडते.

दुसरा दावा इंग्लंडमधील हॅरी पार्सन्स यांचा. त्यांचे अमेरिकी पेटंट वीड यांच्या आधीचे, १९०३ सालचे आहे. साखळी चाकाला पक्की न बांधता सैल ठेवावी, म्हणजे ती चालताना टायरभोवती हळूहळू सरकत राहते व रबर एकाच जागी झिजत नाही, हा त्यांच्या रचनेचा गाभा मानला जातो. वीड यांच्या पेटंटात भर वेगळ्या गोष्टीवर आहे. संपूर्णपणे साखळ्यांचीच बनलेली, घडी घालता येण्याजोगी ही जाळी केवळ टायरमधील हवेच्या फुगवट्याने जागेवर राहते. १९१० च्या सुमारास या पेटंटांवरून अमेरिकेच्या न्यायालयांत खटलेही चालले. दोन्ही बाजू पाहता, शिडीसारखी साखळी बाजारात रुळवण्याचे श्रेय वीड यांना, तर ती टायरभोवती सरकती ठेवण्याच्या तत्त्वाचे श्रेय पार्सन्स यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. हा भेद केवळ इतिहासापुरता नाही. साखळी किती आवळावी याविषयी आजही जो मतभेद आढळतो, त्याचे मूळ येथेच आहे.

ट्रॅक्टरला साखळीची गरज त्यानंतर बऱ्याच काळाने पडली असावी. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांची चाके लोखंडी असत व त्यांच्या धावेवरच दाते असत. ॲलिस-चाल्मर्स या अमेरिकी कंपनीने १९३२ मध्ये आपल्या ‘यू’ या ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर दिले. ती प्रथा रूढ झाल्यावर दाते गेले आणि घसरणे आले. छोट्या ट्रॅक्टरांचा प्रसार आणखी पुढचा. कुबोटा या जपानी कंपनीची अमेरिकी शाखा १९७२ मध्ये स्थापन झाली. भातखाचरांच्या देशातली ही आटोपशीर यंत्रे तेथे गवत कापण्यापासून बर्फ लोटण्यापर्यंतच्या घरगुती कामांना लावली गेली. मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र या कंपनीनेही १९९४ मध्ये टेक्सासमध्ये बस्तान बसवले.

प्रकार : सर्वांत साधी ती शिडीसाखळी. टायरच्या आतल्या व बाहेरच्या अंगाने दोन लांब बाजूसाखळ्या जातात व शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या साखळ्या त्यांना जोडतात. पायऱ्या बाजूसाखळीच्या दर चार कड्यांना असतात किंवा दर दोन कड्यांना. छोट्या ट्रॅक्टरसाठी दोन कड्यांची साखळी निःसंशय बरी, कारण तीत एक तरी पायरी सतत जमिनीला टेकलेली राहते. चार कड्यांच्या साखळीत चाक पायरीवर चढते, मग नुसत्या रबरावर उतरते. चालकाला हादरे बसतात आणि नेमक्या त्या रिकाम्या जागी चाक घसरते.

टायरची नक्षी पाहणे त्याहून महत्त्वाचे. औद्योगिक नक्षीच्या रुंद ठोकळ्यांच्या टायरवर किंवा हिरवळीसाठीच्या सपाट टायरवर शिडीसाखळी नीट बसते. शेतीच्या टायरला तिरपे, उंच, एकमेकांपासून दूर असलेले लग (रबरी उंचवटे) असतात. त्यांच्यामधल्या खोबणीत आडवी साखळी घसरून बसते व दिसेनाशी होते, मग तिचा उपयोग जवळजवळ शून्य. अशा टायरसाठी पायऱ्या मधोमध लांबीच्या दिशेने जोडलेली किंवा चौकटीच्या जाळीची साखळी घ्यावी लागते. जाळीचा आणखी एक गुण असा की ती आडवी घसरण रोखते. पाते तिरपे लावून बर्फ कडेला सारताना ट्रॅक्टर बाजूला ढकलला जातो आणि शिडीसाखळी नेमकी या दिशेला दुबळी असते. निव्वळ बर्फासाठी कड्यांवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे पोलादी तुकडे वेल्ड केलेल्या साखळ्या मिळतात. त्या उत्तम रुततात, पण फरसबंदी व काँक्रीट ओरबाडतात.

कोणत्या चाकांना : चारही चाकांना साखळ्या असणे उत्तम, दोनच घ्यायच्या असतील तर त्या मागच्या चाकांना. चारचाकी जोर (फोर-व्हील ड्राइव्ह) असलेल्या ट्रॅक्टरवर काही जण वळण चांगले मिळते म्हणून फक्त पुढे साखळ्या लावतात. ही पद्धत उतारावर धोक्याची आहे. छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक बहुधा मागच्या आसावरच काम करतात. पुढच्या लोडरचा (भार उचलणाऱ्या बाहूंचा) बकेट बर्फाने भरला की भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि उतारावर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर तसाच खाली जातो. म्हणून मागे साखळी हवी आणि तिच्यावर वजनही हवे. टायरमध्ये न गोठणारा द्रव भरणे, चाकाला लोखंडी वजने लावणे किंवा मागच्या त्रिबिंदू जोडणीवर (अवजारे लावायच्या तीन दांड्यांवर) वजनपेटी टांगणे हे नेहमीचे उपाय होत. उतारावर चारचाकी जोर चालू ठेवला की पुढची चाकेही ब्रेकच्या कामी येतात. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जलद फिरतील असे दातेचक्रांचे (गिअरचे) प्रमाण कारखान्यात ठरवलेले असते. फक्त पुढे साखळी लावली की त्या चाकांचा परीघ वाढतो व हे प्रमाण बिघडते. बर्फावर घसरणीमुळे ते खपून जाते, कोरड्या डांबरावर मात्र दातेचक्रांवर ताण येतो.

चढवण्याची रीत : आधी मोकळी जागा तपासावी. टायर आणि मडगार्ड, लोडरचा सांगाडा, हायड्रॉलिक नळ्या व मागच्या जोडणीचे खालचे दांडे यांच्यामध्ये साखळी फिरायला जागा हवी. जागा अपुरी असल्यास आस व चाक यांच्यामध्ये स्पेसर (अंतर वाढवणारी जाड चकती) घालून चाक बाहेर काढतात. पुढच्या चाकांची तपासणी स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून करावी. सरळ उभ्या ट्रॅक्टरवर मोकळी दिसणारी साखळी पूर्ण वळणात नळी कापू शकते.

काम सपाट जागेवर, शक्यतो पहिले हिम पडण्यापूर्वी करावे. साखळी जमिनीवर पसरून प्रत्येक पीळ काढावा; राहिलेला एक पीळ नंतर टायरवर सुटत नाही. आडव्या साखळ्यांच्या आकड्यांची उघडी तोंडे टायरपासून बाहेरच्या बाजूला हवीत, नाहीतर ती रबराच्या कुशीत घुसतात. मग साखळी टायरवरून दोन्ही बाजूंना सारखी लोंबेल अशी पांघरतात, पुढचे टोक टायरखाली सारतात आणि ट्रॅक्टर अर्धा-पाऊण मीटर पुढे घेतात, म्हणजे दोन्ही टोके हाताशी येतात. आतली बाजूसाखळी आधी जोडायची. टायरच्या मागे हात घालून, न दिसणारी कडी बोटांनी चाचपत हे करावे लागते. थंडीत बोटे बधिर झाल्यावर हेच काम सर्वांत जास्त वेळ खाते. ती जितक्या कड्या आत ओढली जाईल तितकी ओढून मगच बाहेरची साखळी आवळतात. आतली सैल राहिली तर बाहेरून कितीही ताणले तरी साखळी तिरकीच बसते.

दुसरी रीत चाक जॅकवर उचलण्याची. चाक हाताने फिरवून साखळी समान बसवता येते. मात्र हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकांना जोर देणाऱ्या) ट्रॅक्टरमध्ये रेंज लिव्हर (वेगाचा टप्पा निवडायचा दांडा) न्यूट्रलमध्ये नसेल किंवा चारचाकी जोर जोडलेला असेल तर उचललेले चाक फिरत नाही. पार्किंग ब्रेकही मागच्या आसावर असल्याने सोडावा लागतो, म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (पाचर किंवा दगड) लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. लोडरचा बकेट जमिनीवर रेटून ट्रॅक्टरचे पुढचे अंग उचलता येते, पण केवळ त्या आधारावर खाली हात घालणे जिवावर बेतू शकते.

टायरमधील हवा कमी करून साखळी चढवावी व पुन्हा हवा भरून ती घट्ट करावी, असा एक सल्ला दिला जातो. वीड यांच्या मूळ पेटंटात हीच कल्पना आहे. आजचे उत्पादक सहसा याची मनाई करतात. साखळीचे माप कामाच्या दाबाला फुगलेल्या टायरवरून ठरलेले असते व फुगवून ताणलेली साखळी सरकत नाही, हे पाहता त्यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. साखळी हाताच्या जोराने बसेल तितकीच आवळावी, चार-पाचशे मीटर चालवून थांबावे व उरलेला ढिलेपणा काढावा. त्यासाठी बाजूसाखळीत फिरकीचे कॅम (फिरवून साखळी ताणणारे तुकडे) असतात किंवा बाहेरून रबरी ताणपट्टे लावतात. सुटे टोक तारेने बांधून टाकावे; लोंबते टोक प्रत्येक फेऱ्याला मडगार्डवर आपटते. कामाचा वेग चालण्याइतकाच ठेवावा.

भारतातील स्थिती : हिमालयात मनालीसारख्या भागांत हिवाळ्यात मोटारी व ट्रकांना साखळ्या लावतात. झोजी ला, रोहतांग यांसारख्या खिंडींतील बर्फ सीमा रस्ते संघटना अवजड यंत्रांनी काढते. छोट्या ट्रॅक्टरचा हा आवाका नव्हे. महाराष्ट्रात या साखळ्यांचे प्रयोजन नाही. भातखाचरात चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लावतात ती लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखी चाके) हे तिचे सर्वांत जवळचे भावंड. दोहोंमध्ये जमिनीत रुतणारे लोखंड चाकाला आधार देते. केज व्हील मात्र मऊ चिखलात चाकाची रुंदीही वाढवते, साखळीला ते साधत नाही.