पिशवी फोडणारा स्पंज

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका शिबिराची जाहिरात फिरत होती : २१ दिवसांत तुमचा डीएनए जागृत करा! इथे बाहेरचं एक जनुक पेशीत सुखरूप पोचवताना शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ येतात, आणि यांचं सगळं सतरंजीवर बसून होतं.

पेशीत घुसण्यात सराईत कोण, तर विषाणू. जनुकोपचारात, म्हणजे पेशीत जनुक पोचवून आजार बरा करण्याच्या प्रयत्नात, म्हणूनच त्याला निर्धोक करून भारवाहू बनवतात. पण १९९९ मध्ये अमेरिकेत अशाच चाचणीत अडीनोविषाणू टोचल्यावर जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा चार दिवसांत दगावला. विषाणूविना काम भागेल का, याचा शोध त्याआधीच सुरू होता. १९९५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ज्याँ-पॉल बेर आणि सहकाऱ्यांनी पॉलिएथिलिनिमाइन, म्हणजे पीईआय, पुढे आणलं. कागद कारखान्यांच्या ओळखीचा हा पॉलिमर, म्हणजे छोटे घटक जोडून बनलेला मोठा रेणू.

बाभळीसारखा फांद्याफांद्यांचा रेणू. हायड्रोजन सोडला तर त्यातला दर तिसरा अणू नायट्रोजनचा. त्यातले काही नायट्रोजन प्रोटॉन धरून धनभारित असतात, डीएनए ऋणभारित. पाच हजार जोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पाच हजार पायऱ्यांचा) डीएनए सरळ केला तर १७०० नॅनोमीटर भरेल; पीईआय त्याची शंभरेक नॅनोमीटरची गोळी वळतं.

पेशी ही गोळी गिळते, पण एका पिशवीत, एंडोसोममध्ये. आता खरी गंमत. पिशवीच्या भिंतीतले पंप आत प्रोटॉन ढकलतात, आतलं आम्ल वाढवून माल पचवायला. पण पीईआयचे बरेच नायट्रोजन अजून रिकामे असतात. ते आलेला प्रोटॉन गट्ट करतात. आम्लता हवी तितकी वाढेना, म्हणून पंप चालूच. प्रोटॉनमागून क्लोराइड आत, क्लोराइडमागून पाणी. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी मिठाकडे धावतं, तसंच. पिशवी टम्म फुगते आणि फाटते, डीएनए बाहेर! याला ‘प्रोटॉन स्पंज’ म्हणतात. पिशवी खरंच अशी फुटते का, यावर आजही वाद आहे. काहींच्या मते धनभार थेट पिशवीच्या भिंतीलाच भोकं पाडतो. मला मात्र स्पंजच आवडतो.

खोट एकच, पण मोठी : ज्या धनभारामुळे काम होतं, तोच पेशीला विषारी. रेणू मोठा तर पोचवणूक चांगली, इजाही जास्त. म्हणून छोटे तुकडे पेशीत गेल्यावर तुटतील अशा गंधकाच्या बंधांनी जोडून पाहतात.

आणि जनुकोपचाराचे विषाणू ज्या पेशींत तयार करतात, त्या पेशींत जनुकं सोडायला अनेक ठिकाणी वापरतात ते पीईआयच, बिनफांद्यांचं.