बुडीत गावांचं गावपण

उजनी धरणाचा साठा खाली गेला की इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते पडलं आणि बघ्यांची गर्दी लोटली. महामार्गाजवळच्या नव्या पळसदेवमध्ये नवं देऊळ आहे, देवही तिथेच आहे. गावाने जागा बदलली, पण नाव बदललं नाही आणि दैवतही सोडलं नाही. महाराष्ट्रात धरणाखाली गेलेल्या बहुतेक गावांनी याच दोन गोष्टी आधी उचलल्या. असं का झालं हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या वीज कंपनीने नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं आणि मुळशी पेट्यातले मावळे त्याविरुद्ध उभे राहिले. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी इथलीच. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. लढा का मोडला, तर अनेक जमिनींचे कागद पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होते आणि त्यांना मोबदला परवडत होता. कसणाऱ्याचं घर, त्याचा देव, त्याचं शिवार यांना कागदावर जागाच नव्हती. माझ्या मते पुढच्या सगळ्या विस्थापनाची गाठ इथेच आहे. १८९४ चा भूसंपादन कायदा मालक ओळखत होता, गाव ओळखत नव्हता. जमिनीची किंमत मालकाच्या हातात ठेवली की सरकारचं काम संपलं. बलुतं मागून जगणारा, मजुरी करणारा, दुसऱ्याच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणारा माणूस त्या हिशेबात जवळजवळ नव्हताच.

स्वातंत्र्यानंतर धरणं आपली झाली, पण हिशेब तोच राहिला. कोयनेचं काम पन्नासच्या दशकात सुरू झालं. शिवसागर जलाशयाखाली पाटण आणि जावळी भागातली गावं गेली, तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ मध्ये. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नव्याने झाला. कोयनेची माणसं त्याआधीच ठाणे, कुलाबा (आजचा रायगड), रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पांगली होती. डोंगरउतारावर नाचणी आणि भात काढणारा शेतकरी ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात जाऊन पडला. भावकी एका जिल्ह्यात, सोयरे दुसऱ्या जिल्ह्यात. पालखीला खांदा कुणी द्यायचा, पहिला नारळ कुणाचा, होळीचा मान कुठल्या घराचा, हे सगळं माणसांच्या एकत्र असण्यावर उभं असतं. माणसं वाटली गेली की मानही अधांतरी राहतो. जे वर डोंगरात सरकून राहिले त्यांच्यामागचा ससेमिराही सुटला नाही. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि त्यातल्या कित्येकांपुढे पुन्हा उठण्याची वेळ आली.

गोव्यातल्या कुर्डीची कहाणी थोडी वेगळी आहे. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणात १९८६ मध्ये बुडालं. साधारण तीन हजार वस्तीचं गाव. देवळं, ख्रिश्चनांचं कपेल म्हणजे छोटं चर्च, मुसलमानांचं एक श्रद्धास्थान, सगळं एका शिवारात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांच्या नावातलं कुर्डी ते हेच. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि या पाण्याने सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल, असं त्यांनी लोकांना सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि वाडे, वालकिणी इथल्या वसाहतींत गेले. जुनं महादेवाचं देऊळ तेवढं दगड न्‌ दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आलं.

कुर्डीकरांना दरवर्षी गाव परत भेटतं. मे महिन्यात पाणी ओसरतं, तडकलेल्या चिखलातून घरांची जोती आणि माडांचे बुंधे वर येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, कपेलाचं फेस्त म्हणजे वार्षिक सण होतो, आणि वसाहतींतली, शहरांतली माणसं पोराबाळांना घेऊन येतात. भिंत एकही उभी नसते, तरी म्हातारं माणूस जोत्यावर चढून सांगतं की इथे चूल होती, इथून विहिरीकडे वाट जायची. नातवाच्या हाती लागतो तो घराचा नकाशा आणि तोही पायाखालून. भोर तालुक्यातलं कांबरे आणि पवना धरणातलं वाघेश्वर इथली देवळंही अशीच उन्हाळ्यात वर येतात. नर्मदाकाठच्या मणिबेलीकरांना तेवढंही मिळालं नाही. सरदार सरोवरात त्यांचा काठ गेला, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ गेलं, आणि पाड्या-पाड्यांतलं आदिवासी जगणं वसाहतींतल्या सरळ रेषेत आखलेल्या प्लॉटांवर आलं.

आज या गावांशी सरकारी नातं उरलं आहे ते प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यापुरतं. जिल्हा पुनर्वसन कार्यालयातून तो मिळतो आणि त्यावर सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. एका कुटुंबात लाभ घेणारा एकच, त्यामुळे भावाभावांत तो कुणी वापरायचा यावर बैठका बसतात. दाखल्यावर गाव असतं ते बुडालेलंच, आणि तो खिशात घेऊन परीक्षेला बसणाऱ्या मुलाने ते बहुधा पाहिलेलंही नसतं.

गट नंबर आणि जुने नकाशे भूमी अभिलेखात सापडतील. पण ‘आंब्याखालचं’, ‘देवाची पट्टी’, ‘ओढ्यापल्याडचं’ ही शेतांची नावं कुठल्याच उताऱ्यावर नसतात. कोयनेच्या वेळी जी पंधरा-वीस वर्षांची होती, ती आता ऐंशीच्या आसपास आहेत. पुनर्वसित गावठाणांतल्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी त्यांच्यासमोर जुना नकाशा पसरून ही नावं, वाटा, पाणवठे लिहून घ्यायला हवेत, तेही याच एक-दोन वर्षांत.