सीओपीडीच्या ग्राहकांसाठी: ऑक्सिमीटर, ॲप आणि इन्हेलर सेन्सर

ऑक्सिमीटर घरी नेला की पहिला प्रश्न हमखास येतो: "आकडा ९१ दाखवतोय, काही गडबड आहे का?" निरोगी माणसाचा ऑक्सिजन साधारण ९५ ते १०० टक्के असतो. सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारात, मात्र ९१ हा एखाद्याचा रोजचाच आकडा असू शकतो. म्हणून तब्येत स्थिर असताना काही दिवस ठरावीक वेळी मोजून ॲपमध्ये नोंदवा आणि डॉक्टरांना दाखवा. इशाऱ्याची मर्यादा त्यांनी सांगितलेलीच भरा.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. बोटं गार असतील तर चोळून ऊब आणा, नेलपॉलिश पुसा आणि आकडा स्थिरावेपर्यंत हात हलवू नका. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं. आकडा चांगला आहे पण दम लागतोय, तर दम खरा माना.

घरी ऑक्सिजन मशीन असेल तर आकडा कमी दिसला म्हणून फ्लो स्वतःहून वाढवू नका. काही रुग्णांमध्ये जादा ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणूनच अशा रुग्णांना डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात.

आमच्या मते ॲपमधला सर्वात उपयोगी भाग म्हणजे लक्षणांची नोंद, आणि तीच लोक टाळतात! धाप वाढणं, बेडका जास्त येणं किंवा त्याचा रंग पिवळा-हिरवा होणं, यांतून आजार उसळल्याचं अनेकदा आकडा घसरण्याआधीच कळतं. कॅट चाचणीचे, म्हणजे सीओपीडीचा त्रास किती आहे हे मोजणारे, आठ प्रश्नही ॲपमध्ये आहेत. एकूण गुण ४०; गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. दोन गुण वाढले तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

इन्हेलरवरचा सेन्सर डोस कधी घेतला एवढंच टिपतो. औषध फुप्फुसात गेलं की जिभेवरच राहिलं, हे त्याला कळत नाही. इन्हेलर घेतानाचा व्हिडिओ काढून पुढच्या भेटीत दाखवा. स्प्रे सावकाश ओढायचा, पावडरचा इन्हेलर जोरात. दोन्हींत श्वास जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, रोखायचा. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरा.

ओठ निळसर पडले, एक वाक्यही सलग बोलता येईना किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर ॲप उघडत बसू नका. थेट रुग्णवाहिका बोलवा. तुमच्या नोंदींवर आमच्याकडे चोवीस तास कुणी नजर ठेवून नसतं.

ब्लूटूथ जुळत नसेल तर तेवढे दिवस आकडे वहीत लिहा. डॉक्टरांना तेही चालतं.