दार बंद, सामना चालू

प्रेक्षकांविना फुटबॉल म्हटलं की करोनाचे दिवस आठवतात. पण मैदानाला कुलूप लावून आत सामना खेळवण्याची पद्धत त्याहून कितीतरी जुनी आहे. ती आली शिक्षा म्हणून.

१९८० साली वेस्ट हॅम युनायटेड हा पूर्व लंडनचा क्लब इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता. तरीही त्याने इंग्लंडची कप स्पर्धा, म्हणजे एफए कप, जिंकला आणि देशोदेशीच्या कप विजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत, कप विनर्स कपमध्ये, जागा मिळवली. पहिल्याच फेरीत गाठ पडली कास्तियाशी, म्हणजे रेआल माद्रिदच्या राखीव संघाशी. हा संघ स्पेनच्या कप फायनलमध्ये आपल्याच थोरल्या संघाकडून ६-१ असा हरला होता. थोरल्यांनी लीगही जिंकली असल्याने ही जागा धाकट्यांना मिळाली. माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानावर वेस्ट हॅम ३-१ ने हरला आणि त्याच्यासोबत आलेल्या काही प्रेक्षकांनी गॅलरीत धुडगूस घातला. यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, शिक्षा ठोठावली आणि अखेर ठरलं की परतीचा सामना वेस्ट हॅमच्या अप्टन पार्क मैदानावरच, पण प्रेक्षकांना बाहेर ठेवून खेळायचा.

१ ऑक्टोबर १९८० च्या त्या सामन्याची अधिकृत उपस्थिती आहे २६२. नव्वद मिनिटांनंतर वेस्ट हॅमकडे ३-१ अशी आघाडी होती, म्हणजे दोन्ही सामने मिळून ४-४. जादा वेळेत डेव्हिड क्रॉसने आणखी दोन गोल केले, हॅटट्रिक पूर्ण केली आणि वेस्ट हॅम ५-१ ने जिंकला. एरवी अप्टन पार्क डोक्यावर घेणाऱ्यांना यातलं काहीही मैदानात बसून पाहता आलं नाही. माद्रिदला न गेलेल्या, एक खुर्चीही न मोडलेल्या हजारो माणसांनी ही शिक्षा भोगली. मला या पद्धतीतली हीच गोष्ट कायम खुपत आली आहे.

शिक्षा मात्र रुळली. १९८२ मध्ये युरोपचा विजेता असलेला इंग्लंडचा अ‍ॅस्टन व्हिला तुर्कस्तानच्या बेशिक्ताशविरुद्ध रिकाम्या घरच्या मैदानावर खेळला. १९८५ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकवर तीच वेळ आली. १९८७ च्या सप्टेंबरात इटलीचा नापोली पहिल्यांदाच युरोपियन कपमध्ये उतरला, तो थेट शिक्षा झालेल्या रेआल माद्रिदच्या निर्मनुष्य बर्नाबेउवर. साक्षात माराडोना मैदानात, आणि समोर ओळीने रिकामी बाकं.

तुर्कस्तानने २०११ मध्ये यातून एक वेगळी वाट काढली. इस्तंबूलच्या फेनेरबाहचे क्लबच्या प्रेक्षकांनी एका मैत्रीपूर्ण सामन्यात मैदानात घुसखोरी केली होती, म्हणून क्लबला शिक्षा झाली. पण दार सरसकट बंद न करता बायका आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट प्रवेश दिला गेला. मनिसास्पोरविरुद्धच्या त्या सामन्याला ४१ हजारांहून अधिक जणी आणि मुलं आली आणि पाहुण्या संघासाठीही टाळ्या वाजल्या.

इटलीत २००७ च्या फेब्रुवारीत कातानिया-पालेर्मो सामन्याच्या दंगलीत एका पोलीस अधिकाऱ्याचा जीव गेला. त्यानंतर सुरक्षेच्या अटी न पाळणारी मैदानं प्रेक्षकांसाठी बंद झाली. दोन स्वीडिश अर्थतज्ज्ञांनी हे सामने तपासले तेव्हा दिसलं की रिकाम्या मैदानात पंच यजमान खेळाडूंशी अधिक कडक वागतात आणि पाहुण्यांशी कमी. पंचाच्या शिटीवर गॅलरीचा दाब असतो, ही जुनी शंका आकड्यांत उतरली ती अशी.

सगळ्यात जड इतिहास इजिप्तचा. १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सईदमध्ये तिथल्याच अल मसरीने कैरोच्या अल अहलीला ३-१ ने हरवलं आणि सामना संपताच यजमानांचा जमाव पाहुण्या प्रेक्षकांवर तुटून पडला. ७४ माणसं मेली. अनेक जण बाहेर पडण्याच्या बंद दाराशी चेंगरले. तो हंगाम रद्द झाला. पुढे लीग सुरू झाली ती प्रेक्षकांविना. ८ फेब्रुवारी २०१५ ला कैरोत झमालेक या तिथल्या क्लबच्या सामन्याला मोजक्या प्रेक्षकांना सोडायचं ठरलं. प्रवेशाच्या अरुंद, कुंपण घातलेल्या वाटेवर रेटारेटी झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि सुमारे वीस जण दगावले. दारं पुन्हा बंद झाली. इथे कुलूप लावून नेमकी कोणाला शिक्षा झाली? मेलेल्यांचे मित्रच बाहेर राहिले.

मग २०२० ची साथ आली. या वेळी कोणाचाही गुन्हा नव्हता आणि दार सगळ्यांनाच बंद होतं. जर्मनांकडे अशा सामन्याला आधीपासूनच शब्द होता, 'गाइस्टरश्पील', म्हणजे भुतांचा सामना. १६ मे २०२० ला डॉर्टमुंडने शाल्केला ४-० ने हरवलं. एरवी पिवळ्या भिंतीसारखी दिसणारी तिथली दक्षिणेची गॅलरी पूर्ण मोकळी होती.

आपल्याकडे ही पाळी गोव्यावर आली. १४ मार्च २०२० ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर कोलकात्याच्या एटीकेने चेन्नईयिनला ३-१ ने हरवून आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली, ती रिकाम्या मैदानात. पुढचा अख्खा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान एवढ्यातच उरकला. मुंबई सिटीने पहिलं विजेतेपद मिळवलं ते याच हंगामात. मार्च २०२१ च्या फायनलमध्ये ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला, तेव्हा मुंबईचा चाहता घरात टीव्हीसमोर होता. महिन्याभरानंतर एफसी गोवा आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. सामने घरच्याच फातोर्ड्यात होते, कतारच्या अल रय्यानला ०-० वर रोखलं, आणि मडगावच्या माणसाला आत जाता आलं नाही. गोव्याच्या फुटबॉलचा एवढा मोठा दिवस असा जावा, याची हळहळ मला अजून वाटते.

२० मार्च २०२२ च्या आयएसएल फायनलला फातोर्ड्याचं दार उघडलं. केरळहून आलेल्या पिवळ्या गर्दीने मैदान भरून गेलं. हैदराबाद केरळ ब्लास्टर्सविरुद्ध ०-१ ने मागे असताना त्यांच्याच संघातल्या, ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या साहिल ताव्होराने बरोबरी साधली. पेनल्टी शूटआउटमध्ये हैदराबादच्या गोलपुढे मूळचा गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमनी उभा राहिला आणि त्या सगळ्या गलक्यात त्याने तीन फटके अडवले.